एमजीबी उभी करायची तर आधी उंबरठा बघा

‘इंजिन चालू, थोडं बॉडीचं काम बाकी.’ जुन्या एमजीबीच्या, म्हणजे एमजी कंपनीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, विक्रीच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास भेटतं. त्यातला पहिला भाग वाचून लोक गाडी घेतात आणि दुसऱ्या भागातला ‘थोडं’ हा शब्द पुढची तीन वर्षं खातो. एमजीबीचं इंजिन जाम असलं तरी फारसं बिघडत नाही. पत्रा गेला असेल, तर मात्र बाकी सगळं शाबूत असूनही गाडी महागात पडते. हे पटलं नसेल तर पुढचं सगळं वाचूनही चुकीचीच गाडी दारात येईल.

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. एकूण पाच लाखांहून अधिक झाल्या आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. म्हणूनच आज ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या कित्येक गाड्या अमेरिकेच्या कोरड्या भागातून परत आणलेल्या असतात. त्यांची सीट-कव्हरं आणि डॅशबोर्ड उन्हानं फाटलेले असतात, पण पत्रा कोरडा असतो. डावीकडचं स्टिअरिंग चालणार असेल तर अशी गाडी ब्रिटनच्या पावसात भिजलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

आपल्याकडच्या मेकॅनिकला या गाडीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. अ‍ॅम्बॅसेडरमधलं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातली. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर, इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. ज्यानं अ‍ॅम्बॅसेडरचं हेड उतरवलंय, त्याच्या हाताला हे इंजिन लगेच ओळखीचं वाटतं. पत्र्याच्या बाबतीत मात्र तो अनुभव पुरत नाही, कारण इथे डोक्यावर छत नाही.

एमजीबीला वेगळी चासी नाही. गाडीचा पत्राच तिची चासी. बंद गाडीत छतही वजन पेलतं. उघड्या रोडस्टरमध्ये ते नसल्यामुळे गाडी मधोमध वाकू न देण्याचं काम मुख्यतः दोन गोष्टींवर येतं: गिअरबॉक्सवरून जाणारा मधला पत्र्याचा बोगदा आणि दोन्ही दारांखालचे सिल. सिल म्हणजे गाडीचा उंबरठाच. तो बाहेरून एक गोल पट्टी दिसतो, पण आत चार पत्रे असतात. बाहेरचा सिल, आतल्या बाजूला जमिनीला जोडलेला आतला सिल, दोघांच्या मधे उभा पडदा, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी खाचा-खाचांची पट्टी. या पट्टीला इंग्लंडात ‘कॅसल सेक्शन’च म्हणतात. चार पत्रे मिळून एक बंद पेटी होते. पाणी आणि मीठ या पेटीत शिरलं की गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत मधला पडदा बहुधा संपलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे झाकलेला गंज. बाजारात ‘कव्हर सिल’ मिळतात, म्हणजे जुन्या सडलेल्या सिलवर वरून चढवायचा पातळ पत्रा. खरा बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरलेला असतो. म्हणजे तो नीट बदलायचा तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. हे दोन्ही टाळायचं असेल तर दिसतं तेवढ्याच भागावर पत्रा चढवून मोकळं होतात. ओळखायची खूण सोपी आहे. मडगार्ड आणि सिल यांच्यामध्ये मूळ गाडीत उभी शिवण असते. ती दिसत नसेल किंवा पुट्टीनं भरलेली असेल तर हात आखडता घ्या.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक, पेचकस, टॉर्च आणि जॅक बरोबर ठेवा. आधी दाराच्या फटी बघा. दाराच्या मागच्या कडेची फट वरून खाली सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे खचली आहे. मग पुढच्या चाकामागे जॅक लावून तो कोपरा थोडा उचला आणि दार उघडून बंद करून बघा. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडकलं, तर सिल वजन पेलत नाही. त्यानंतर गाडीखाली झोपून मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे आधार तपासा. मग सीटच्या मागच्या झाकणाखाली बॅटरीच्या पेट्या बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि अ‍ॅसिड सांडून या पेट्या हमखास खाल्लेल्या असतात. डिकीतलं कार्पेट उचला. पेट्रोलची टाकी डिकीच्या पत्र्याखाली चिकटून बसते. दोघांच्या फटीत पाणी अडकतं आणि टाकी वरच्या अंगानं चाळणी होते. खालून बघून ती धडधाकटच वाटते.

आणखी एक जागा लोक विसरतात. हीटर बसतो ती बॉनेटखालची पत्र्याची कुंडी. विंडस्क्रीनपुढच्या जाळीतून आलेलं पावसाचं पाणी तिथून रबरी नळीनं खाली जातं. नळीत पानं अडकली की पाणी साचतं आणि कुंडी सडते. ती नीट करायला हीटर काढावा लागतो, आणि एमजीबीचा हीटर काढणं म्हणजे संयमाची परीक्षा.

चासी नंबर वाचायला शिका. ‘जीएचएन५’ यातलं जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी. तिथे डी असेल तर ती बंद छताची जीटी. पाच हा मालिकेचा आकडा. एमजीबी तीनपासून सुरू होते, १९६७ मध्ये चार आणि १९६९ मध्ये पाच झाली. शेवटी एल असेल तर डाव्या स्टिअरिंगची, यू असेल तर अमेरिकेसाठी बनलेली. हे महत्त्वाचं, कारण तीन आणि चार यांमध्ये गिअरबॉक्स, जनरेटर आणि विजेची दिशा बदलली. आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. हे न बघता सवयीनं निगेटिव्ह अर्थचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की ते जळतं. १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंचभराहून उंच केली गेली. या गाड्यांना बाजारात भाव कमी आहे. माझ्या मते, पत्रा चांगला असलेली रबरी बंपरवाली ही सडलेल्या, आधीच्या क्रोम बंपरवालीपेक्षा शंभर पटींनी चांगली.

पत्रा फारच गेला असेल तर एक मार्ग आहे जो बहुतेक जुन्या गाड्यांना नसतो. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी इथली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा बनवते. दोन्ही सिल, दोन्ही फ्लोअर, पाट्यांचे आधार आणि हीटरची कुंडी असं सगळंच गेलं असेल, तर मजुरीचे तास मोजून बघा. पाश्चात्त्य देशातल्या मजुरीच्या दरानं नवा सांगाडा बऱ्याचदा स्वस्त पडतो. घरी स्वतः वेल्डिंग करणाऱ्याचं गणित वेगळं.

आता खोलायला घ्या. या गाडीत मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. नट-बोल्ट बहुतेक यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आणि पाने इंचातले: ७/१६, १/२, ९/१६. आपल्याकडचा जुना मिस्त्री ‘चार सुताचा पाना’ म्हणतो ना, तोच १/२ इंच. १३ मिमीचा पाना १/२ च्या जागी ‘बसतो’ खरा, पण गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. गंजलेल्या बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं ते दोन-तीन दिवस आधी, दोन-तीन मिनिटं आधी नाही. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि खोलण्याआधी फोटो. जुना सडका भागही रंग पूर्ण होईपर्यंत फेकू नका. नव्या भागाची भोकं जुन्याशी ताडून बघावी लागतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा एकत्र बाहेर काढतात. नुसता गिअरबॉक्स खालून उतरत नाही, आणि म्हणूनच साधी क्लचप्लेट बदलायलाही इंजिन उपसावं लागतं. आता इंजिन बाहेर आहेच, तर क्लच आणि रिलीज बेअरिंग न तपासता परत घालणं हा शुद्ध वेडेपणा. हे रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसून कार्बनचं असतं; सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असलेला चालक ते लवकर संपवतो.

सिलचं काम सावकाश सांगतो, कारण सगळी गाडी इथे बनते किंवा बिघडते.

कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर हवी आणि आधार पुढच्या क्रॉसमेंबरखाली व मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ. मधे, सिलखाली घोडी लावली तर कापलेली गाडी त्याच वाकलेल्या अवस्थेत परत जोडली जाईल. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मग २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा त्रिकोणी आधार पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत वेल्ड करा. तो चौकटीच्या आतल्या बाजूला घ्या म्हणजे दार लावता येईल. हे फार गरजेचं आहे: वेल्डिंगच्या प्रत्येक टप्प्याला दार टांगून फट बघायची असते. दार बाजूला ठेवून सुंदर वेल्डिंग केलं आणि शेवटी दार लागलंच नाही, असं झालं की सगळं पुन्हा कापावं लागतं. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी घडी घालते.

पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि पेट्रोलच्या पायपा आधी गाडीबाहेर. गाडीखालचा काळा डांबरी थर वेल्डिंगच्या उष्णतेनं पेटतो, आणि आतल्या बाजूनं पेटतो, म्हणजे तुम्हाला दिसत नाही. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी हातभर तो खरवडून काढा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर तासभर गाडीजवळ थांबा.

पुढचं मडगार्ड बोल्टनं लावलेलं असतं. वरची रांग सोपी. मागचे काही बोल्ट डॅशबोर्डच्या मागून काढावे लागतात आणि तिथे हाताची सालटी निघतात. मडगार्ड निघाल्यावर त्याच्या मागच्या टोकाला, दाराच्या खांबासमोर, वर्षानुवर्षांचा चिखल दिसेल. चाकानं उडवलेली माती तिथे साठते, ओली राहते आणि मडगार्डची कड व खांब दोन्ही खाते. पुढचं मडगार्ड वरच्या बाजूनं फोड येऊन सडतं त्याचं कारण ही माती.

बाहेरचा सिल काढताना जुने स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या कटरनं फक्त वरच्या पत्र्यापुरते कापा. आरपार गेलात तर खालच्या चांगल्या पत्र्याला भोकं पडतील. बाहेरचा सिल निघाला की आतलं सत्य दिसतं. क्रम असा: आधी फ्लोअर आणि आतला सिल, मग खाली कॅसल पट्टी, मग मधला पडदा, आणि शेवटी बाहेरचा सिल. पट्टी आणि पडदा ‘अजून चालेल’ म्हणून ठेवायचा मोह होतो. चालत नाही. बाहेरचा नवा सिल पाच-सहा वर्षांनी पुन्हा आतून फुटतो.

नवा पत्रा जिथे जुन्याला चिकटणार तिथे दोन्हीकडे वेल्ड-थ्रू प्रायमर मारा. वरच्या पत्र्यात ६ ते ८ मिमीची भोकं, दर ३०–४० मिमीवर, आणि ती मिग वेल्डिंगनं भरा. म्हणजे कारखान्यातल्या स्पॉट वेल्डसारखा जोड होतो. मिगला ०.६ मिमीची तार आणि अरगॉन-सीओटूचं मिश्रण. लांब शिवण एका दमात ओढू नका. दीड-दोन सेंटिमीटरचे टाके, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. सगळं आधी क्लॅम्पनं पकडा, चार टाके मारा, दार लावा, मडगार्ड चढवा, फट बघा. सगळीकडे ४–५ मिमी सारखी मिळाली की मगच पूर्ण वेल्ड करा. नव्या पत्र्याला बारीक-सारीक फेरफार लागतातच. पॅनेल डब्यातून काढलं आणि जसंच्या तसं बसलं असं होत नाही.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर विषारी असतो. दार-खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा.

पत्रा झाल्यावर रंग काढायचा प्रश्न. सँडब्लास्टिंग आतल्या खबदाडांना उत्तम, पण बॉनेट, दार आणि डिकीच्या सपाट पत्र्यांवर ते कधी करू नका. पत्रा तापून लाटा येतात आणि त्या पुट्टीशिवाय जात नाहीत. तिथे केमिकल स्ट्रिपर वापरा. सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट तर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते आणखी नाजूक. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग सगळ्या शिवणींना सीलर, मग टूके (हार्डनर मिसळून मारायचा) हायबिल्ड प्रायमर, लांब ठोकळ्यावर कागद लावून घासणं, मग रंग. टूके रंगात आयसोसायनेट असतं. साधा कार्बन मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग रंगारी बूथमध्ये करू द्या आणि पैसे मोजा. आणि रंगाआधी एकदा संपूर्ण गाडी कोरडी जोडून बघा: बंपर, दिवे, कापडी छताच्या खुंट्या, विंडस्क्रीन. रंग झाल्यावर ड्रिल चालवावं लागलं तर मनस्ताप ठरलेला.

इंजिनाकडे आता शांतपणे वळता येईल. बरीच वर्षं उभी गाडी असेल तर ओढून किंवा स्टार्टर मारून फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि डिझेल सोडा, तीन-चार दिवस थांबा, मग क्रँकपुलीच्या नटावर पाना लावून हातानं हलवा. सुटलं तर कॉम्प्रेशन बघा. चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असतील तर ब्लॉक उघडायची घाई नाही. उघडलाच तर आधी वॉटर-जॅकेट, म्हणजे ब्लॉकमधली पाणी फिरायची पोकळी, साफ करा. मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, गंजाचा गाळ भरतो आणि गाडी उन्हात तापते. लोक नवा रेडिएटर लावून बघतात आणि तरी तापते. कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांची पत्र्याची बुचं) सगळे बदलून टाका, किंमत किरकोळ आहे.

हेड तपासताना दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टकडे लक्ष द्या. हे दोन्ही एक्झॉस्ट मधल्या एकाच पोर्टमधून बाहेर पडतात. तिथे उष्णता एकवटते आणि व्हॉल्व्हच्या बैठकांजवळ भेगा पडतात. शिशाविना पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. सिलिंडर बोअर करायचा तर ओव्हरसाइज पिस्टन साठ थाउपर्यंत मिळतात. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कॅमशाफ्ट नवा घातला तर टॅपेटही नवेच. जुन्याची घासलेली बैठक नव्या कॅमला काही शे किलोमीटरांत संपवते. आणि पहिल्या वेळी इंजिन सुरू झालं की लगेच २००० आरपीएमवर नेऊन २० मिनिटं तिथेच, आयडलवर नाही, कारण आयडलला कॅमवर पुरेसं तेल उडत नाही. तेल २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं. आजकालच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक या इंजिनात घालू नका.

हेडचे नट टॉर्क पान्यानं ४५ ते ५० फूट-पौंड, मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. रॉकरचे छोटे नट २५. लक्षात ठेवायचं म्हणजे रॉकरच्या खांबांतून जाणारे चार मोठे नट हेडचेही आहेत. नुसता रॉकर काढायचा म्हणून ते सोडले तर हेड वाकडं ओढलं जातं आणि गॅसकेटमधून पाणी झिरपतं. म्हणून आधी रेडिएटर रिकामा करून हेडचे सगळे नट थोडे थोडे सैल करायचे. टॅपेटची फट थंड इंजिनात १५ थाउ. इथे नवाची बेरीज कामी येते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, याप्रमाणे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगची फट २५ थाउ, पॉइंटची १५.

गिअरबॉक्सबाबत एक चूक फार होते. १९६७ नंतरच्या चारही गिअरना सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचं ईपी९० हे जाड गिअर ऑइल घालू नका. कारखान्याचं मॅन्युअल इंजिनचंच २०डब्ल्यू-५० सांगतं, आणि ओव्हरड्राइव्हही (गिअरबॉक्समागचा जादा उंच गिअर) त्याच तेलावर चालतो. ईपी९० डिफरन्शियलमध्ये, तिथेच ते हवं.

पुढच्या चाकाच्या हबवर थोडा वेळ घालवा, कारण इथली चूक जिवावर बेतते. एमजीबीच्या स्टब-अ‍ॅक्सलवर दोन तिरक्या रोलरची बेअरिंगं असतात आणि दोघांच्या मधे एक नळी, म्हणजे स्पेसर, व त्याला लागून शिम, म्हणजे पातळ चकत्या. नट आवळला की आतली बेअरिंग-रिंग, स्पेसर, शिम आणि बाहेरची रिंग हे सगळं दाबून एकजीव होतं आणि बारीक अ‍ॅक्सल जाड दांड्यासारखा काम करतो. आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत नट आवळून थोडा मागे सोडतात, तो हात इथे चालत नाही. कित्येक गॅरेजवाले स्पेसर ‘जास्तीचा’ म्हणून काढून टाकतात. मग अ‍ॅक्सल प्रत्येक वळणाला वाकतो, बारीक भेग पडते, आणि एक दिवस चाक वेगळं होतं. योग्य पद्धत: ग्रीस न लावता, मुद्दाम जास्त शिम घालून जोडा, हब फिरवत नट आवळा, डायल गेजनं पुढे-मागे हालचाल मोजा, आणि ती २ ते ४ थाउ येईपर्यंत शिम कमी करत जा. शिम ३, ५ आणि १० थाउचे मिळतात. मग सगळं काढून ग्रीस भरा आणि नट ४० ते ७० फूट-पौंडांच्या मध्ये, जिथे स्प्लिट पिनचं भोक जुळेल तिथे.

त्याच कोपऱ्यात किंगपिन आहेत, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिना. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल, दर ३००० मैलांना ग्रीस गन. उभ्या गाडीत ग्रीस दगड होतं; निपल काढून भोक तारेनं साफ केल्याशिवाय नवं ग्रीस आत जात नाही, नुसतं बाजूनं फुटतं आणि भरलंय असं वाटतं. पुढचा शॉकअ‍ॅब्झॉर्बर लिव्हर प्रकारचा असून तोच वरचा विशबोनही आहे. त्यातून तेल गळत असेल तर भरत बसू नका, रिबिल्ट केलेला घ्या. मागच्या पाट्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतात.

ब्रेकमध्ये जुनं काहीही वाचवू नका. होज बाहेरून छान दिसतो आणि आतून फुगलेला असतो; पेडल सोडल्यावरही ब्रेक पकडून राहतात ते यामुळे. सगळे होज, सिलिंडर, कॅलिपरची सीलं नवी, पायपा ३/१६ इंचाच्या तांबे-निकेलच्या, फ्लुइड डॉट ४.

तारांच्या चाकांचं एक सांगतो. हबवरचे स्प्लाइन (दाते) टोकदार झाले असतील तर चाक नवं घालून उपयोग नाही, हबही बदला. आणि मधल्या स्पिनरचे, म्हणजे चाक आवळणाऱ्या मोठ्या नटचे, आटे दोन्ही बाजूंना उलटे असतात: डाव्या बाजूला साधे, उजव्या बाजूला उलटे. मागचा अ‍ॅक्सल खोलून हब डावे-उजवे बदलून बसवले तर गाडी चालता चालता स्पिनर स्वतःच सैल होत जातो. वरचं टोक गाडीच्या मागच्या दिशेनं फिरवलं की घट्ट, दोन्ही बाजूंना, हे तोंडपाठ करा.

विजेचं काम रंगांवरून समजतं. तपकिरी तार थेट बॅटरीची आणि फ्यूजविना, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, काळी अर्थ. तपकिरी तारेला फ्यूज नसल्यामुळे तिचं कवच घासलं गेलं की धूरच. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ अ‍ँपियर लिहिलेलं असतं. हा जळण्याचा आकडा आहे. सतत वाहून नेण्याची क्षमता १७ अ‍ँपियर. आजच्या पद्धतीचा ३५ लिहिलेला फ्यूज तिथे घातला तर तार जळेल, फ्यूज नाही. इंजिन परत बसवताना इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल लाल होते.

पेट्रोल पंप मागच्या बाजूला, विजेवर टक-टक करणारा. चावी फिरवल्यावर काही टक-टक आणि मग शांतता, हे बरोबर. टक-टक थांबतच नसेल तर टाकी रिकामी किंवा कुठून हवा शिरतेय. इंजिन बंद असताना मधूनच एखादी टक येत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुने रबर खातं, आणि ब्रिटनमध्ये ई१०, भारतात ई२० असताना सगळे होज आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या) दर्जाचेच लावा.

एसयू कार्बोरेटरला लोक उगाच घाबरतात. क्रोम बंपरच्या सुरुवातीच्या गाड्यांत दोन एचएस४ असतात, आणि त्रास बहुधा ट्यूनिंगचा नसून थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजेचा असतो. दांडा हातानं हलला तर तिथून हवा शिरते आणि आयडल कधीच स्थिरावत नाही. आधी बुश बदला. मग जेट वरच्या पुलाच्या सपाटीला आणून षटकोनी नट १२ बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन लिफ्टिंग पिननं अगदी थोडा उचला. वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसू लागलं तर कमी. दोन्हींचा समतोल कानाला रबरी नळी लावून होतो, सुस्कारा दोन्हीकडे सारखा ऐकू आला पाहिजे. वरच्या नळीत इंजिन ऑइल घालायला विसरू नका, नाही तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी गचका खाईल.

पहिल्या ५०० मैलांनंतर हेडचे नट पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा लावा, तेल बदला, हबची हालचाल बघा. गरम इंजिनाचा तेलाचा दाब चालताना ५० पीएसआयच्या वर राहिला तर ठीक.

कागदांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुनी, मोठे बदल न केलेली गाडी वार्षिक एमओटी तपासणीतून आणि रस्ताकरातून मोकळी होते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, चासी-इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीला व्हीए मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही.

रंग वाळून गाडी जुळली की सगळ्यात शेवटी पुन्हा सिल. आतल्या भोकांतून लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) मारा, खांबांत, मागच्या चाकाच्या कमानीत आणि दारांतही. वेल्डिंगच्या आधी हे मारू नका, पेटतं. पहिल्या उन्हात सिलच्या खालच्या भोकांतून ते थेंब-थेंब गळतं आणि गॅरेजच्या फरशीवर डाग पडतात. डाग पुसा, पण भोकं बुजू देऊ नका. दोन-चार दिवसांनी एक काडी घेऊन गाडीखाली झोपा आणि ती सगळी मोकळी आहेत का ते बघा.